व्हिडिओ गेमची निवड आणि समीक्षकाची विश्वासार्हता : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

ग्रंथ विकत घेण्यापूर्वी वाचक दुकानात उभा राहून त्याची चार पाने चाळू शकतो. चित्रपट मनासारखा निघाला नाही तर प्रेक्षकाचे अडीच तास आणि तिकिटाचे पैसे एवढेच नुकसान होते. व्हिडिओ गेमची स्थिती या दोहोंहून निराळी आहे. प्लेस्टेशनसारख्या यंत्रावरील एखादा मोठा नवा गेम भारतात सुमारे ५ हजार रुपयांना मिळतो व तो पूर्ण करण्यास वीस-पंचवीस तासांपासून शंभर तासांपर्यंतचा काळ लागू शकतो. मध्यमवर्गीय घरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही आणि नोकरदाराच्या दृष्टीने हा वेळही थोडा नाही. त्यामुळे 'कोणता गेम खेळावा' या प्रश्नाच्या पोटात 'कोणाच्या शब्दावर विसंबावे' हा दुसरा प्रश्न दडलेला असतो.

मराठीत नाटक, चित्रपट व ग्रंथ यांच्या परीक्षणांची परंपरा दीर्घ आहे. 'परीक्षण' आणि 'समीक्षा' या दोन शब्दांत मराठी अभ्यासक भेदही करतात. परीक्षण नव्या कलाकृतीची तातडीने ओळख करून देते व ती घ्यावी की न घ्यावी यासंबंधी मत नोंदवते, तर समीक्षा त्या कलाकृतीच्या स्वरूपाचा शोध घेते. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात या दोन भूमिका एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या मिश्रणावर गुणांकनाचा शिक्का बसला आहे. विश्वासार्हतेचा प्रश्न बव्हंशी या शिक्क्यातून निर्माण झाला आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१) व्हिडिओ गेमच्या निवडीत समीक्षकाची गरज का भासते, हे तपासणे.
२) गुणांकन पद्धतीचे खेळाडू, समीक्षक व निर्माते यांच्यावर होणारे परिणाम पाहणे.
३) निवडक उदाहरणांच्या आधारे समीक्षकावरील विश्वासाचे स्वरूप स्पष्ट करणे.

अनुभववस्तू म्हणून व्हिडिओ गेम :

अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग मांडले. काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून-पारखून कळतो. काहींचा दर्जा मात्र वापरल्यानंतरच उमगतो. दुसऱ्या वर्गातील वस्तूंना अनुभववस्तू असे म्हणता येईल. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी असे दाखवून दिले की, विक्रेत्याला दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात अशी विषमता बाजारात असेल, तर निकृष्ट माल उत्कृष्ट मालाला हुसकावून लावू शकतो.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात या विषमतेचे ठळक उदाहरण लवकरच घडले. 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटावर आधारित गेम अटारी कंपनीने १९८२ च्या नाताळच्या हंगामात बाजारात आणला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो तयार करण्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. खरेदीदाराच्या हाती खोक्यावरील चित्र आणि चित्रपटाची पुण्याई यांपलीकडे फारसा आधार नव्हता. प्रारंभी विक्री झाली. नंतर निराशा पसरली आणि माल मोठ्या प्रमाणात पडून राहिला. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अ‍ॅलमॉगोर्डो येथे न खपलेला माल जमिनीत पुरण्यात आला; २०१४ मधील उत्खननात या गेमच्या प्रती तेथे प्रत्यक्ष सापडल्या. त्या काळात अमेरिकेतील गेम-उद्योगाला आलेल्या मंदीची कारणे अनेक होती. परंतु ग्राहकाचा विश्वास उडणे हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण होते. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण या प्रसंगास तंतोतंत लागू पडते. समीक्षकाची गरज नेमकी येथे उभी राहते : विक्रेत्याचा नसलेला, पण गेम आधी खेळलेला असा तिसरा साक्षीदार खेळाडूला हवा असतो.

गुणांकनाची सत्ता :

ऐंशीच्या दशकात नियतकालिकांनी ही साक्षीदाराची भूमिका स्वीकारली. जपानमध्ये १९८६ मध्ये सुरू झालेल्या, पुढे 'फामित्सू' या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियतकालिकाची पद्धत लक्षणीय आहे. तेथे चार समीक्षक एकच गेम खेळून प्रत्येकी दहापैकी गुण देतात व बेरीज चाळीसपैकी होते. या पद्धतीत एक गुण निश्चितच आहे. चौघांचे आकडे वेगवेगळे छापले जात असल्याने मतभेद वाचकाच्या नजरेस पडतो.

२००१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळाने मात्र या मतभेदाला एकाच आकड्यात विरघळवून टाकले. अनेक प्रकाशनांचे गुण शंभराच्या पट्टीवर आणून तेथे सरासरी काढली जाते. ही सरासरी भारित असते, म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला अधिक वजन दिले जाते. कोणाला किती, हे जाहीर केले जात नाही. या संकेतस्थळाच्या रंगसंकेतातील एक तपशील बोलका आहे. चित्रपटाला ६१ गुणांपासून हिरवा रंग मिळतो. गेमला त्यासाठी ७५ गुण लागतात. गेमच्या समीक्षेत गुणांची पट्टी वरच्या टोकाला सरकली असल्याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालात नव्वद टक्क्यांना जी अवकळा आली आहे, तिच्याशी हे साम्य सांगते. सत्तर गुणांचा गेम वास्तविक चांगला असू शकतो. पण तो जवळजवळ अनुत्तीर्ण ठरल्यासारखा भासतो.

या आकड्याची सत्ता केवळ खेळाडूच्या निवडीपुरती मर्यादित राहिली नाही. २०१० मध्ये ऑब्सिडियन या संस्थेने तयार केलेला 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा गेम प्रसिद्ध झाला. संस्थेचे एक प्रमुख लेखक ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे, मेटाक्रिटिकवर किमान ८५ गुण मिळाले तरच संस्थेला अतिरिक्त मोबदला मिळणार होता. प्रत्यक्षात ८४ गुण पडले आणि तो मोबदला हुकला. कथानकातील निवडस्वातंत्र्यासाठी हा गेम आजही आदराने उल्लेखिला जातो, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते. समीक्षकांनी हे आकडे वाचकांसाठी दिले होते. त्यांचा वापर मात्र निर्मात्यांच्या वेतनासाठी झाला. जो आकडा मत म्हणून लिहिला गेला तो मोजमाप म्हणून वाचला गेला, हा या घटनेचा खरा अर्थ होय.

विश्वासाला गेलेले तडे :

आकड्याला एवढे आर्थिक मोल आल्यावर त्याच्यावर दबाव येणे स्वाभाविक होते. हा दबाव तीन मार्गांनी आल्याचे दिसते.

पहिला मार्ग जाहिरातीचा. २००७ मध्ये 'गेमस्पॉट' या संकेतस्थळावर 'केन अँड लिंच : डेड मेन' या गेमच्या मोठ्या जाहिराती झळकत असतानाच तेथील ज्येष्ठ समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी त्या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. या प्रकरणामागे जाहिरातविषयक दबाव होता, हे २०१२ मध्ये स्वतः गर्स्टमन यांनी उघडपणे सांगितले. सहा गुण म्हणजे कठोर निंदा नव्हे. तरीही त्या आकड्याची किंमत एका समीक्षकाला मोजावी लागली.

दुसरा मार्ग मोबदल्याचा. 'मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डॉर' या २०१४ मधील गेमच्या प्रसिद्धीसाठी लोकप्रिय यूट्यूब-निर्मात्यांना पैसे देऊन अनुकूल चित्रफिती करून घेण्यात आल्या, मात्र हा व्यवहार प्रेक्षकांना पुरेसा स्पष्ट करण्यात आला नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला. २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने या प्रकरणी आयोगाशी तडजोड केली. गेम स्वतः चांगला होता व स्वतंत्र समीक्षकांनीही त्याची प्रशंसा केली होती. परंतु खरी साक्षसुद्धा विकत घेतली गेली की तिचे साक्ष म्हणून असलेले मोल संपते.

तिसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. त्यात समीक्षक अप्रामाणिक नसतो. त्याला अपुरे दाखवले जाते. 'सायबरपंक २०७७' हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती आणि परीक्षणात स्वतः टिपलेली दृश्ये वापरण्यास आरंभी मनाई होती. संगणकावरील अनुभवाच्या आधारे आलेली परीक्षणे बहुतांशी अनुकूल होती. प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर मात्र गेम वारंवार बंद पडत असल्याचे खरेदीनंतर उघड झाले. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला व जून २०२१ पर्यंत तो तेथे परतला नाही. या प्रकरणात समीक्षकांनी खोटे लिहिले नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले; पण जे पाहू दिले नाही त्याचा उल्लेख सर्वांनी सारख्याच ठळकपणे केला नाही. ज्या मोजक्या परीक्षणांत 'ही मते केवळ संगणकावरील आवृत्तीपुरती आहेत' असे प्रारंभीच बजावलेले होते, ती आज अधिक विश्वासार्ह वाटतात. आपल्या ज्ञानाची सीमा सांगणे हा समीक्षकाच्या प्रामाणिकपणाचा पहिला निकष मानावा लागतो.

खेळाडूंचे सामूहिक मत :

व्यावसायिक समीक्षकांवर विसंबता येत नसेल तर सामान्य खेळाडूंच्या मतांवर विसंबावे, असा पर्याय सुचवला जातो. या पर्यायाचीही चिकित्सा आवश्यक आहे. १९ जून २०२० रोजी 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' प्रसिद्ध झाला. तो पूर्ण होण्यास वीसहून अधिक तास लागतात. परंतु पहिल्याच दिवशी मेटाक्रिटिकवर हजारो खेळाडूंनी अत्यल्प गुण नोंदवले. त्यांतील अनेकांचा रोष कथानकातील निर्णयांवर व पात्रांवर होता. गेम पूर्ण खेळून बनलेले हे मत असणे वेळेच्या हिशेबाने अशक्य होते. परिणामी पुढील महिन्यात या संकेतस्थळाने नव्या गेमवर वापरकर्त्यांचे मत नोंदवण्यापूर्वी ३६ तासांचा प्रतीक्षाकाळ लागू केला.

'स्टीम' या संगणकीय गेमच्या दुकानाने २०१३ पासून स्वीकारलेली पद्धत तुलनेने विचारपूर्वक आखलेली आहे. तेथे खेळाडू गुण देत नाही. शिफारस करतो किंवा करत नाही. शिवाय त्याने तो गेम किती तास खेळला, हे त्याच्या मताशेजारी दिसते. दोन तास खेळून नापसंती देणारा आणि पाचशे तास खेळून नापसंती देणारा यांच्या म्हणण्याचा अर्थ एक नसतो. पहिल्याला गेममध्ये प्रवेशच करता आला नाही. दुसरा बहुधा एखाद्या जुन्या जिव्हाळ्याच्या गेममधील बदलावर रागावलेला असतो. २०१५ पासून याच दुकानाने खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करण्याची मुभा दिली. त्यामुळे ग्रंथ चाळून पाहण्यासारखी काहीशी सोय गेमच्या खरेदीदारालाही मिळाली. तथापि शंभर तासांच्या गेमचे स्वरूप दोन तासांत कळतेच असे नाही.

'डेथ स्ट्रँडिंग' : मतभेदाचा अर्थ :

नोव्हेंबर २०१९ मध्ये हिदेओ कोजिमा यांचा 'डेथ स्ट्रँडिंग' प्रसिद्ध झाला. फामित्सूने त्यास चाळीसपैकी चाळीस गुण दिले. 'आयजीएन' या अमेरिकी संकेतस्थळाने दहापैकी ६.८ दिले. मेटाक्रिटिकवरील सरासरी ८० च्या थोडी वर राहिली. ही सरासरी दोन्ही टोकांपैकी कोणाचेच मत नाही. ज्याला हा गेम अपूर्व वाटेल त्याला ती उणी वाटते आणि ज्याला तो कंटाळवाणा वाटेल त्याला ती फसवी वाटते.

या गेममध्ये खेळाडूला सॅम नावाच्या हमालाची भूमिका करावी लागते. उद्ध्वस्त अमेरिकेत विखुरलेल्या वस्त्यांना पाठीवरून सामान पोहोचवणे हे त्याचे काम आहे. ओझे वाढले की तोल जातो. तो सावरण्यासाठी डावी-उजवी बटणे दाबून धरावी लागतात. नदी कोठे ओलांडावी, चढ कोणत्या बाजूने चढावा, शिडी आता वापरावी की पुढच्या कड्यासाठी राखून ठेवावी, याचा विचार पावलागणिक करावा लागतो. पाऊस पडला तर सामानाची झीज होते. अन्य खेळाडूंनी आपापल्या प्रवासात उभारलेल्या शिड्या, दोर व पूल आपल्या मार्गात आढळतात. ते खेळाडू मात्र कधीही प्रत्यक्ष दिसत नाहीत.

अनुकूल व प्रतिकूल परीक्षणे शेजारी ठेवून वाचली असता लक्षात येते की, दोन्ही बाजूंच्या समीक्षकांनी वर्णन केलेली वस्तू एकच आहे. चालण्याचे कष्ट, पुनरावृत्ती व संथ गती यांची नोंद दोघेही करतात. एकाला त्यात श्रमाची जाणीव व अनोळखी माणसाच्या मदतीबद्दल वाटणारी कृतज्ञता सापडते. दुसऱ्याला त्यात करमणुकीचा अभाव दिसतो. तथ्यावर मतभेद नाही, मूल्यावर आहे. म्हणूनच प्रतिकूल परीक्षण वाचून एखाद्या खेळाडूने 'मला हेच हवे होते' असे ठरवणे पूर्णपणे तर्कसंगत आहे. ज्या निंदेतून वाचकाला स्वतःची आवड ओळखता येते, ती निंदा अनेक स्तुतींहून उपयुक्त ठरते. उलट 'अप्रतिम', 'अविस्मरणीय' अशा विशेषणांपलीकडे न जाणारी स्तुती दहापैकी दहा गुण देऊनही वाचकाला काहीच सांगत नाही.

केवळ दुसऱ्याला खेळताना पाहूनही हा निर्णय करता येत नाही. पडद्यावर एक मनुष्य चालताना दिसतो. ओझ्याचा तोल मात्र खेळणाऱ्याच्या बोटांत असतो. बोटांचा हा अनुभव शब्दांत आणणे हे गेम-समीक्षकाचे विशेष कार्य होय, आणि चित्रफितींच्या काळातही लिखित समीक्षा टिकून राहण्याचे कारण यातच आहे.

'राजी' : विश्वासाची विभागणी :

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या हरवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा असून दुर्गा व विष्णू यांच्या निवेदनातून ती उलगडते. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील स्वतंत्र गेमच्या विभागात त्यास नामांकन मिळाले. परदेशी परीक्षणांचा सूर साधारणतः असा होता : वास्तुरचना, रंग व संगीत मनोहर, लढतीची यंत्रणा मात्र कच्ची.

मराठी खेळाडूने या परीक्षणांवर किती विसंबावे? लढतीविषयीच्या मतावर त्याने निःशंकपणे विसंबावे. कारण प्रहार उशिरा लागतो की वेळेवर, हे ठरवण्यासाठी भारतीय असण्याची गरज नाही, असे शेकडो गेम खेळलेले असण्याची गरज आहे. कथेविषयी मात्र तेच म्हणता येणार नाही. परदेशी समीक्षकाला पुराणकथांची नवलाई वाटते. ज्या खेळाडूने त्या लहानपणी आजीच्या तोंडून ऐकल्या, त्याला तीच नवलाई वाटणार नाही. त्याचे कुतूहल निराळे असेल : परिचित कथा येथे कशी हाताळली आहे? या प्रश्नाचे उत्तर त्या परीक्षणांत मिळत नाही, आणि ते न मिळणे हा त्या समीक्षकांचा दोषही नव्हे. यावरून असे दिसते की समीक्षकावरील विश्वास अखंड नसतो. तो विषयागणिक वाटून द्यावा लागतो.

याच गेमची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली. अशा वेळी २०२० मधील परीक्षण खोटे ठरत नाही, पण ते त्या दिवसापुरते उरते. 'सायबरपंक २०७७'मध्येही २०२३ पर्यंत मूलगामी सुधारणा झाल्या. ग्रंथाची नवी आवृत्ती क्वचित निघते; गेम मात्र प्रकाशनानंतरही घडत राहतो. म्हणून परीक्षणाची तारीख पाहणे हा निवडीचा अनिवार्य भाग ठरतो.

निष्कर्ष :

१) व्हिडिओ गेम ही अनुभववस्तू असल्याने समीक्षकाची साक्ष खेळाडूला टाळता येत नाही, प्रश्न ती कशी वाचावी एवढाच उरतो.
२) सरासरी गुण मतभेद लपवतात. कलाकृती जितकी धाडसी, तितकी तिची सरासरी दिशाभूल करणारी असण्याचा संभव अधिक.
३) समीक्षकाने काय खेळले, कोणत्या यंत्रावर, किती तास आणि कोणत्या अटींवर, हे सांगणारे परीक्षण गुणांकनापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावे.
४) सातत्याने विरुद्ध मत देणारा परिचित समीक्षकही उपयुक्त असतो; कारण त्याची आवड ठाऊक असल्याने त्याच्या नापसंतीचा अर्थ लावता येतो. अपरिचित समीक्षकाच्या स्तुतीचा अर्थ मात्र लावता येत नाही.
५) तांत्रिक बाजू व सांस्कृतिक आशय यांसाठी एकाच समीक्षकावर विसंबणे योग्य नव्हे.

संस्कृत काव्यशास्त्राने आस्वादकाला 'सहृदय' म्हटले. हे सहृदयत्व काव्याच्या सततच्या परिशीलनाने घडते, असे अभिनवगुप्ताने मानले. खेळाडूलाही ही दृष्टी आयती मिळत नाही. चार समीक्षक सातत्याने वाचणे, त्यांनी वाखाणलेले व नाकारलेले गेम स्वतः खेळणे आणि आपले मत त्यांच्या मताशी ताडून पाहणे, यातूनच ती घडते. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' या म्हणीचा उत्तरार्ध नेहमी आवर्जून सांगितला जातो. पण म्हणीत ऐकणे आधी येते. नीट ऐकल्याशिवाय स्वतःचे मन कळत नाही. गेमविषयी असे ऐकण्याजोगे लेखन मराठीत विपुल होण्याची गरज आहे. त्यासाठी लागणारी परिभाषा अद्याप घडायची असून, ती घडवताना गुणपत्रिकेचा मोह टाळला तर मराठी गेम-समीक्षेचा पाया अधिक भक्कम होईल.